म्हशीच्या दुधाला न चालणारं बटण

"मॅडम, गाईच्या दुधाला बटन चालतंय. म्हशीच्या दुधाला चालंना झालंय. दोनदा दाबाय लागतंय."

हा फोन करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा. आमच्या ऑफिसात त्यांना सगळे तात्याच म्हणतात. मी कोल्हापुरात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत फ्रंटएंडचं, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या भागाचं काम करते. आमचं वेब अ‍ॅप्लिकेशन अशा गावोगावच्या संस्थांत चालतं: सकाळ-संध्याकाळचं संकलन, उत्पादकाची पावती, दर दहा दिवसांचं बिल. संकलनाचा फॉर्म साधा आहे. कोड नंबर, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आणि खाली 'जतन करा'. मोठ्या संस्थांत वजनकाटा आणि फॅट मशीन थेट कॉम्प्युटरला जोडलेली असतात. तात्यांच्या संस्थेत मशीनवरचा आकडा बघून हाताने टाकतात.

तक्रार ऐकून आमच्यातल्या एकाने लगेच कोड उघडला आणि म्हणाला, बटणाच्या कोडमध्ये गाय-म्हैस असा फरकच केलेला नाही, त्यामुळे हे होणं शक्य नाही. मीही बघितलं, फरक खरंच नव्हता. तरी तात्या सांगतायत त्यात काहीतरी आहे असं मला पक्कं वाटत होतं. रोज सकाळी रांगेतल्या माणसांसमोर तोच फॉर्म भरणारा माणूस उगाच म्हशीचं नाव घेणार नाही.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी त्या बटणाचं फंक्शन, म्हणजे दाबल्यावर चालणारा कोड, उघडतात. मला ती सुरुवात पटत नाही. ते फंक्शन म्हणजे क्लिकच्या प्रवासातला जवळजवळ शेवटचा टप्पा असतो. त्याच्या आधी बरंच काही घडावं लागतं. ब्राउझरचा मुख्य थ्रेड, म्हणजे पानाची कामं एकामागून एक करणारा धागा, मोकळा असावा लागतो. मग माउसच्या टोकाखाली सगळ्यात वर कोणता एलिमेंट, म्हणजे पानाचा कोणता भाग आहे हे ब्राउझर शोधतो. दाबल्यावर माउसडाउन होतो, सोडल्यावर माउसअप होतो, आणि या दोघांची जोडी जुळली तरच त्या एलिमेंटवर क्लिक तयार होतो. तो तयार झाल्यावर विंडोपासून उतरत खाली बटणापर्यंत येतो आणि तिथून पुन्हा वर चढत जातो. उतरण्याच्या टप्प्याला कॅप्चर म्हणतात, चढण्याच्या टप्प्याला बबल. जुन्या काळी नेटस्केप ब्राउझरमध्ये इव्हेंट, म्हणजे क्लिकसारखी घटना, वरून खाली यायचा आणि इंटरनेट एक्सप्लोररमध्ये खालून वर जायचा. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 2000 साली डॉम लेव्हल 2 च्या प्रमाणात दोन्ही टप्पे एकामागोमाग ठेवले, ते आजही तसेच आहेत. या वाटेवर क्लिक नेमका कुठे हरवला, हे कळेपर्यंत कोडची एकही ओळ बदलू नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून माझं पहिलं काम ठरलेलं असतं. ब्राउझरचा कन्सोल (प्रोग्रॅमरसाठीची खिडकी) उघडायचा, विंडोवर क्लिकचा एक लिसनर, म्हणजे क्लिक ऐकणारा कोड लावायचा, कॅप्चर चालू ठेवायचं आणि इव्हेंटचं टार्गेट, म्हणजे तो ज्या एलिमेंटवर झाला त्याचं नाव तेवढं छापायचं. कॅप्चर का, तर मधल्या कुठल्या कोडने स्टॉपप्रोपगेशन करून क्लिक अडवला असेल, तर बबलची वाट बघणाऱ्या लिसनरला तो दिसणारच नाही. वर विंडोपाशीच उभं राहिलं की तो खाली उतरतानाच दिसतो. आता बटण दाबलं आणि कन्सोलमध्ये बटणाचंच नाव आलं, तर दोष पुढे आहे: लिसनर लागला नसेल, कुणी अडवलं असेल किंवा फंक्शनमध्येच चूक असेल. दुसऱ्याच एलिमेंटचं नाव आलं, तर मधे कुणीतरी आहे. काहीच आलं नाही, तर क्लिक तयारच झाला नाही, किंवा थ्रेड अडकून पडलाय.

तात्यांच्या फॉर्मवर मी हे माझ्या मशीनवर करून बघितलं. गाय, म्हैस, सगळं चाललं. म्हणून त्यांना म्हटलं, "तात्या, बटण चालत नाही तेव्हाचा व्हिडिओ काढून पाठवा, आणि आकडे टाकण्यापासून काढा." दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर आला. त्यात मला दोन गोष्टी दिसल्या. ते एसएनएफचा आकडा टाकून टॅब किंवा एंटर न दाबता थेट माउस उचलतात आणि 'जतन करा' दाबतात. आणि दाबताक्षणी एसएनएफच्या चौकटीखाली लाल अक्षरांत एक ओळ उमटते: 'फॅट नेहमीपेक्षा जास्त आहे, खात्री करा.'

सगळं या ओळीत होतं.

फॅट आणि एसएनएफ या दोन्हींवरून दर ठरतो, म्हणून तपासणी एसएनएफच्या चौकटीतून बाहेर पडल्यावर, म्हणजे ब्लर झाल्यावर चालायची. फॅट 8 च्या वर असेल तर चूक टाळण्यासाठी ही सूचना यायची, जनावर कुठलंही असो. आता गाईच्या दुधाचा हिशोब 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून चालतो, म्हशीचा 6 आणि 9 धरून. गाय 8 च्या आसपासही जात नाही. चांगल्या म्हशीचं दूध मात्र, विशेषतः थंडीत, 8 ओलांडतं. कोडमध्ये गाय-म्हैस असा भेद नव्हता हे खरं, पण सूचना फक्त म्हशीच्याच दुधाला येत होती.

आणि सूचना आली की बटण खाली सरकायचं. आता क्रम बघा. तात्या बटणावर माउस दाबतात, माउसडाउन बटणावरच होतो. दाबल्यामुळे फोकस चौकटीतून निघतो, त्यामुळे ब्लर होतो. ब्लर झाला म्हणून तपासणी चालते, लाल ओळ येते आणि तिच्या उंचीएवढं बटण खाली जातं. हे सगळं बोट माउसवरून उचललं जायच्या आत होतं. मग बोट उठतं आणि माउसअप होतो, पण माउसच्या टोकाखाली आता बटण राहिलेलं नसतं, फॉर्मची मोकळी जागा असते. माउसडाउन एका एलिमेंटवर आणि माउसअप दुसऱ्यावर झाला की ब्राउझर क्लिक पाठवतो तो त्या दोघांच्या सगळ्यात जवळच्या सामाईक पूर्वजाला, म्हणजे दोघांनाही पोटात घेणाऱ्या एलिमेंटला. इथे तो पूर्वज म्हणजे फॉर्म. बटणाला क्लिक मिळतच नाही. कुठे एरर नाही, कन्सोलमध्ये लाल अक्षर नाही. दुसऱ्यांदा दाबलं की चालतं, कारण ओळ आधीच आलेली असते आणि सरकायचं काही उरलेलं नसतं.

तात्या मधेच असंही म्हणाले होते की "कधी कधी पहिल्या झटक्यात पण होतंय." त्याचंही उत्तर मिळालं. बटण 40 पिक्सेल उंच होतं आणि सूचनेची ओळ 24 पिक्सेलची. बटणाच्या खालच्या 16 पिक्सेलमध्ये दाबलं, तर ते सरकल्यावरही टोकाखाली बटणच राहतं आणि क्लिक लागतो. वरच्या भागात दाबलं की चुकतो.

माझ्या मशीनवर हे का दिसलं नव्हतं? एक तर मी 3.5 आणि 6 असे नेहमीचे आकडे टाकत होते. दुसरं म्हणजे प्रोग्रॅमर लोक कीबोर्डने फॉर्म भरतात. टॅब मारला की ब्लर आधीच होऊन जातो. चौकटीतच एंटर दाबला, तर ब्राउझर सबमिटच्या बटणावर स्वतःच क्लिक पाठवतो, तिथे माउसअपचा संबंधच नसतो. क्रोमच्या कन्सोलमध्ये मॉनिटरइव्हेंट्स नावाची सोय आहे. एखादा एलिमेंट दिला की त्याच्यावरचे इव्हेंट ती छापत राहते. ती बॉडीवर, म्हणजे पूर्ण पानावर लावून 8.4 फॅट टाकलं, तात्यांसारखा माउस उचलला, आणि कन्सोलमध्ये ओळीने आलं: माउसडाउन बटणावर, माउसअप फॉर्मवर, क्लिक फॉर्मवर.

दुरुस्ती काय करायची, यावर ऑफिसात वाद झाला. एकाचं म्हणणं, क्लिकऐवजी माउसडाउनलाच जतन करून टाकू, भानगडच नको. मी याला विरोध केला, आजही करेन. कीबोर्डवरून स्पेस किंवा एंटरने बटण दाबणाऱ्याला क्लिक मिळतो, माउसडाउन मिळत नाही, त्यामुळे तो माणूस अडतो. आणि चुकून दाबल्यावर माउस बाजूला नेऊन सोडून द्यायचा, ही सवलत वापरणाऱ्याकडून काढून घेतली जाते. सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी 2.1 या 2018 च्या नियमावलीत यासाठी वेगळा निकष आहे: दाबल्याबरोबर कृती होऊ नये, सोडल्यावर व्हावी. आम्ही साधा मार्ग घेतला. सूचनेची जागा आधीपासूनच राखून ठेवली. ओळ रिकामी असली तरी तिची किमान उंची तेवढीच, त्यामुळे ती आली तरी काहीच सरकत नाही. शिवाय 8 ची मर्यादा जनावराप्रमाणे वेगळी केली, कारण म्हशीला 8.2 लागलं म्हणून लाल अक्षरं दाखवणं मुळातच बरोबर नव्हतं.

एवढ्यावर काम संपलं नाही, आणि मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दोनदा दाबावं लागतं हे हाताला सवयीचं झालं होतं. तात्यांचा मदतनीस आता गाईच्या दुधालाही दोनदा दाबायचा, आणि तिथे दोन्ही क्लिक लागायचे. एकाच उत्पादकाच्या नावावर एकाच पाळीत 7 लिटरच्या दोन पावत्या. बिलाच्या दिवशी ते लक्षात आलं तर ठीक. नाही आलं तर पैसे जास्त जातात, पुढच्या बिलातून कापावे लागतात, आणि डेअरीच्या दारात भांडण होतं. ज्याचं घर दहा दिवसांच्या बिलावर चालतं, त्याला कापलेली रक्कम समजावून सांगणं सोपं नसतं. बटण एकदा दाबल्यावर काही क्षण बंद ठेवणं हा अर्धाच उपाय आहे, कारण इंटरनेट मधेच गेलं आणि ब्राउझरने पुन्हा पाठवलं तरी दुसरी नोंद होऊ शकते. म्हणून फॉर्म उघडताना प्रत्येक नोंदीला एक ओळखक्रमांक देतो आणि तोच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हर नवी पावती करत नाही, आधीचीच परत पाठवतो.

या प्रकरणानंतर मी आमच्याकडच्या जुन्या 'क्लिक होत नाही'च्या तक्रारी काढून वाचल्या. कारणं वेगवेगळी होती, पण जवळजवळ सगळी त्या प्रवासातल्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर बसत होती.

सगळ्यात जास्त सापडले ते झाकणारे एलिमेंट. माहिती लोड होताना स्क्रीनवर एक पडदा येतो, काम झालं की त्याची अपारदर्शकता शून्यावर नेऊन तो 'घालवला' जातो. पण ऑपसिटी शून्य केल्याने तो फक्त दिसेनासा होतो. तिथेच असतो आणि सगळे क्लिक स्वतःवर घेतो. व्हिजिबिलिटी हिडन किंवा डिस्प्ले नन केलं तरच खालच्याला वाट मिळते, किंवा पडद्यावर पॉइंटर-इव्हेंट्स नन लावावं लागतं. मोडल (पानावर उघडणारी छोटी) खिडकी बंद झाल्यावर तिची काळसर पार्श्वभूमी मागे राहून जाते, तोही याच जातीचा दोष. हे पकडायला डॉक्युमेंटवरचं एलिमेंटफ्रॉमपॉइंट पुरतं. बटणाच्या मध्याचे एक्स-वाय द्यायचे, आणि उत्तरात बटण किंवा त्याच्या आतलं काही नाही आलं, तर जो आला तोच गुन्हेगार. स्यूडो-एलिमेंट मात्र यात फसवतात, कारण बिफोर-आफ्टरने बनवलेली सजावट झाकत असेल तर नाव तिच्या मालक एलिमेंटचं येतं.

दुसरा प्रकार आयकॉनचा. उत्पादकांच्या यादीत प्रत्येक ओळीला 'दुरुस्ती'चं बटण आहे आणि त्यात पेन्सिलचं चित्र आहे. ओळी नंतर येतात, म्हणून लिसनर एकेका बटणावर न लावता पूर्ण तक्त्यावर लावलेला, आणि आत तपासणी: टार्गेट 'दुरुस्ती'चं बटण आहे का? अक्षरांवर दाबलं की बटण मिळायचं, पेन्सिलवर दाबलं की टार्गेट म्हणजे ते चित्र. बटणाच्या ऐन मध्यावर दाबणाऱ्यालाच ते चालत नव्हतं. टार्गेट थेट न तपासता क्लोजेस्टने वर चढत बटण शोधलं की हा प्रश्न मिटतो.

आयफोनची गोष्ट वेगळी. एका संस्थेच्या चेअरमनसाहेबांना अहवालाची पट्टी उघडता येत नव्हती, बाकी सगळ्यांच्या अँड्रॉइडवर ती उघडत होती. पट्टी म्हणजे साधा डिव्ह (नुसती चौकट) होता आणि लिसनर थेट डॉक्युमेंटवर. आयफोनवरची सफारी अशा डिव्हला दाबण्याजोगी वस्तू मानत नाही आणि क्लिक डॉक्युमेंटपर्यंत येतच नाही. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये, कर्सर पॉइंटर लिहिलं तरी तिला ते पटतं, आणि इंटरनेटवर हाच उपाय सगळीकडे सापडतो. आम्ही मात्र डिव्ह काढून तिथे खरं बटण ठेवलं. दाबायची वस्तू असेल तर ती बटणच असावी. मग फोकस, कीबोर्ड, स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, सगळं त्याबरोबर आपोआप येतं.

एक कारण इतकं अनोखं आहे की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या एका पानावर एचटीएमएलमध्येच ऑनक्लिक लिहून 'क्लिअर' नावाचं फंक्शन बोलावलं होतं. फंक्शन होतं, नाव बरोबर होतं, एरर नव्हता, तरी फॉर्म रिकामा व्हायचा नाही. असं ऑनक्लिक लिहिलं की ब्राउझर नाव आधी त्या एलिमेंटमध्ये शोधतो, मग फॉर्ममध्ये, मग डॉक्युमेंटमध्ये, आणि सगळ्यात शेवटी आपल्या जागतिक फंक्शनांत. डॉक्युमेंटवर 'क्लिअर' नावाची एक फार जुनी पद्धत आहे आणि ती काहीही करत नाही. दर वेळी तीच निमूट बोलावली जात होती. नाव बदललं आणि बटण चालू झालं.

आणि मग अडकलेला थ्रेड. बिलाच्या दिवशी 'बिल तयार करा' दाबल्यावर सगळ्या उत्पादकांचा हिशोब ब्राउझरमध्येच एका दमात चालायचा, तोवर कुठलंच बटण प्रतिसाद द्यायचं नाही. इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा: क्लिक हरवत नाहीत, रांगेत थांबतात. माणूस वैतागून आणखी चारदा दाबतो आणि थ्रेड मोकळा झाला की पाचही क्लिक एकदम लागतात. पूर्वी मोबाईलवर याच्या जोडीला आणखी एक उशीर असायचा. 2007 च्या आयफोनपासून ब्राउझर दुसऱ्या टॅपची वाट बघत सुमारे 300 मिलिसेकंद थांबायचे, कारण दोन टॅप म्हणजे झूम. मोबाईलच्या रुंदीला बसवलेल्या पानांसाठी क्रोमने तो 2014 मध्ये काढला, आयओएसने 2016 मध्ये 9.3 आवृत्तीत. आता उशीर झाला तर तो बहुतेक आपल्या कोडचा असतो. गूगलनेही मार्च 2024 पासून पहिल्या क्लिकचा उशीर मोजणारं जुनं माप सोडून आयएनपी हे माप घेतलं. वापरणाऱ्याने काही दाबल्यापासून स्क्रीनवर बदल दिसेपर्यंतचा वेळ त्यात धरतात, 200 मिलिसेकंदांपर्यंत चांगला, 500 च्या पुढे वाईट. आम्ही हिशोब वेब वर्करमध्ये, म्हणजे वेगळ्या थ्रेडवर नेला, आणि दाबल्याबरोबर आधी 'बिल तयार होत आहे' हे स्क्रीनवर येऊ दिलं.

तात्यांच्या दोषाबद्दल मला जास्त टोचत राहिलं ते हे की तो कुठल्याच एरर लॉगमध्ये सापडणारा नव्हता. क्लिक बटणाला मिळालाच नाही, म्हणून आमच्या लेखी काही घडलंच नव्हतं. म्हणून मी अ‍ॅप्लिकेशनमध्ये एक छोटी नोंद बसवली. डॉक्युमेंटवर कॅप्चरमध्ये माउसडाउन आणि माउसअप दोन्ही ऐकायचे. माउस 5 पिक्सेलपेक्षा कमी हलला, माउसडाउन एखाद्या बटणावर किंवा निवडायच्या पर्यायावर झाला, पण माउसअप त्याच्या बाहेर झाला, तर माणसाने माउस हलवलेला नाही, खालची वस्तूच सरकली किंवा नाहीशी झाली. अशा वेळी फक्त पानाचं नाव आणि त्या वस्तूचं नाव सर्व्हरला पाठवायचं, भरलेले आकडे किंवा उत्पादकाची माहिती काहीही नाही.

ही नोंद चालू केल्यावर पहिलं नाव आलं ते पशुखाद्य विक्रीच्या पानाचं, तिथून कुणाचीच तक्रार आलेली नव्हती. उत्पादकाच्या नावाची दोन अक्षरं टाकली की खाली सुचवलेल्या नावांची यादी येते. यादीतलं नाव माउसने दाबलं की चौकटीचा ब्लर व्हायचा, ब्लरला यादी बंद व्हायची, आणि माउसअप व्हायच्या आत ते नाव स्क्रीनवरून गेलेलं असायचं. लोक बिचारे पूर्ण नाव टाईप करत होते. तिथे जागा राखून ठेवण्याचा उपाय चालण्यासारखा नव्हता, कारण यादी बंद होणं हेच अपेक्षित आहे. म्हणून यादीवरच्या माउसडाउनला प्रिव्हेंटडिफॉल्ट लावलं, म्हणजे ब्राउझरची ठरलेली कृती थांबवली. त्याने फोकस चौकटीतच राहतो, ब्लर होत नाही, यादी टिकते आणि क्लिक पूर्ण होतो. नाव निवडलं गेलं की मग आम्हीच यादी बंद करतो. टॅबने बाहेर पडणाऱ्यासाठी ब्लरला बंद होणं तसंच ठेवलंय.